टाकीतला वास

मुक्ताने पेल्यातले पाणी तोंडात घेतले, क्षणभर गालात धरले आणि मोरीत टाकून दिले. त्र्याहत्तरच्या चैत्रात बीड शहरात तोंडातले पाणी असे टाकून देणारे माणूस विरळाच. मोरीच्या कोरड्या दगडावर तो ओला ठिपका पडला तेव्हा उत्तरेश्वरला आधी नवल वाटले ते त्या उधळेपणाचे. त्याच तांब्यातले दोन पेले तो नुकताच रिचवून बसला होता. मुक्ताने पदराने ओठ टिपले आणि भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगावे तितक्या सहजपणे ती म्हणाली, "तेलाचा वास यायलाय."

त्याने पेला नाकाशी नेला. पितळेचा वास आला. सकाळी चिंचेने घासल्याची आंबूस खूण काठाशी राहिली होती, तीही आली. तेल मात्र कुठे नव्हते. त्याने डोळे मिटून पुन्हा श्वास ओढला, मग घागरीत तोंड घालून ओढला. घागरीत अंधार होता, गारवा होता, आणि ज्याला कशाचाच वास नाही असे पाणी होते. ही घागर काल संध्याकाळी त्यानेच सायकलला बांधून आणली होती. सहकारी तेलगिरणीत तो केमिस्ट होता. गेल्या हंगामात करडई पिकलीच नाही, तेव्हा दिवाळीपासून गिरणी बंद होती, आणि गिरणीबरोबर तेलाचा टँकरही आवारात उभा होता. चेअरमन अर्जुनरावांनी तो पिण्याच्या पाण्यासाठी देऊ केला. चौसाळ्याच्या पलीकडे एका वाडीची विहीर खडकाला लागली होती. तिथे आधी एक रॉकेलचा टँकर धुऊन पाठवला गेला होता. वाडीतल्या बायकांनी एक दिवस ते पाणी भरले, दुसऱ्या दिवशी टँकरसमोरच मातीत ओतून दिले, आणि त्या पुन्हा अर्ध्या कोसावरच्या नदीतल्या झिऱ्याला जाऊ लागल्या. झिराही आता तीन दिवसांपासून नुसता ओला होता. म्हणून या वेळी तहसील कचेरीने गिरणीच्या केमिस्टचा दाखला मागितला होता. टँकर आज दुपारी निघायचा होता. उत्तरेश्वरने काल तीनदा टाकीच्या तोंडातून डोके आत घालून वास घेतला होता, समाधानाने घागरभर पाणी घरी आणले होते, आणि दाखल्याचा कागद आता त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. फक्त सही राहिली होती.

"हा वास तुला कधीपासून येतो?" त्याने विचारले. त्याला विचारायचे होते ते पाण्याविषयी, घागर उघडल्यापासून की पेला तोंडाशी नेल्यापासून एवढेच.

"पान्याचा आत्ता," मुक्ता घागरीवर झाकण ठेवत म्हणाली, "तुमचा लग्नापासून."

ती हसली म्हणून तोही हसला. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. सायकल बाहेर काढताना, पायडलवर पाय ठेवताना, गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ते हसू त्याच्या चेहऱ्यावर तसेच राहून गेले होते, आणि मग ते तिथे आहे हे ध्यानात येऊन त्याने ते पुसले.

त्याला राग आला नव्हता. दुखलेही नव्हते, निदान अजून तरी. आपल्याच हाताला सहावे बोट आहे हे चाळिशीत कुणी दाखवून द्यावे तसे कुतूहल वाटत होते. रस्त्याने जाताना त्याने एकेका वासाला हजेरी द्यायला लावले. कडुलिंबाचा मोहोर आला. हॉटेलातला उकळून उकळून करपलेला चहा आला. चांभाराच्या दुकानाशी ओले कातडे, बेकरीपाशी भाजलेला रवा, बसस्थानकाजवळ डिझेल आणि मुतारी. सगळे हजर होते. नाक धडधाकट होते. गिरणीत पोचल्यावर त्याने प्रयोगशाळेचे कुलूप काढले, कपाटातल्या नमुन्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि डोळे मिटून एकेकीचे बूच उघडले. एरंडेल कळले. शेंगदाणा कळला. तीळ जरा उशिराने, पण कळला. चौथ्या बाटलीशी आल्यावर काहीच झाले नाही. बूच उघडले आहे की नाही हे पाहायला त्याने डोळे उघडले. बाटलीत करडईचे तेल होते, खिडकीतला उजेड त्यात मधासारखा थांबलेला होता, आणि त्याच्या नाकाच्या दृष्टीने ती बाटली रिकामी होती. इतक्या नेमक्या आकाराचे भोक आपल्यात आहे आणि त्यातून आपण आजवर इतरांकडे पाहत होतो, याची त्याला मोठी गंमत वाटली. मग त्या गमतीच्या बुडाशी काहीतरी हलले.

पाटोद्याला त्याच्या वडिलांचा लाकडी घाणा होता. डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल दिवसभर फिरे, करडई भरडली जाई, आणि आई डब्यात तेल घेऊन दारोदार घालायला जाई. तिच्या कमरेला राखेची एक चंची बांधलेली असे. माप ओतताना एखादा थेंब गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर पडला की ती लगेच खाली बसे, चिमूटभर राख त्या थेंबावर टाकी, बोलता बोलता थांबे, राख काळी झाली की ती उचलून पुन्हा कोरडी राख टाकी. घासायचे नाही, घासले की तेल दगडात शिरते, हे तिने त्याला सांगितले होते. लाकडाला भुसा, शहाबादी फरशीला कालवलेला चुना रात्रभर, सुती कपड्याला जोंधळ्याचे पीठ, वहीच्या पानाला खडूची पूड आणि वर निखाऱ्याने तापवलेला तांब्या. गावात कुणाच्याच दारात तिचा डाग राहिला नाही. आपल्या डागामागे आपणच राख घेऊन फिरायचे, ही त्या घराची रीत त्याने न शिकता उचलली होती. शाळेत त्याच्या बाकावर त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे. मास्तर चांगले होते, ते काही म्हणत नसत. खिडकी तेवढी उघडायला सांगत. तेव्हा त्याने डाळीचे पीठ लावले, शिकेकाई लावली, रिठ्याच्या फेसाने हात सोलवटून घेतले. औरंगाबादच्या वसतिगृहात, विसाव्या वर्षी, एका संध्याकाळी त्याने खुंटीवरचा सदरा चेहऱ्यावर धरून खोल श्वास घेतला आणि त्यात कापडाशिवाय काही नव्हते. तो सदरा धरून तो बराच वेळ उभा होता. आयुष्यात तितका हलका तो फारदा झाला नव्हता. पुढची नोकरी, लग्न, सभेत पुढच्या खुर्चीवर बसणे, लोकांशी जवळ जाऊन बोलणे, सगळे त्या एका श्वासावर उभे होते. आता बाटली हातात धरून त्याला कळले की त्या संध्याकाळी सदऱ्यातून काहीच गेले नव्हते. गेले होते ते नाकातून.

मग प्रत्येक जण इतकी वर्षे गप्प कसा राहिला? की ते गप्प राहिले नव्हते, खिडकी उघडत होते, आणि खिडकी उघडणे त्याला ऐकू आले नव्हते? हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. त्याच्याहून निकडीचा प्रश्न आवारात उभा होता.

त्याने टाकीतले पाणी पेल्यात घेतले आणि तो पेला गिरणीभर फिरवला. शिपायाने वास घेतला आणि काही नाही म्हणून सांगितले. वजनकाट्यावरच्या कारकुनाने दोनदा घेतला. पहारेकऱ्याने तर पिऊनच टाकला आणि आणखी मागितला. शेवटी टँकरखाली उताणा पडून नळीचा पाना आवळणाऱ्या चाँद मिस्त्रीला त्याने बाहेर बोलावले. चाँदने नाक फेंदारून हुंगले आणि पेला परत देत तो म्हणाला, "साब, माझ्या नाकाचं काय घेऊन बसलात. अर्धं डिझेलनं खाल्लं, अर्धं तुमच्या गिरणीनं. हितं कुनालाबी इचारा, समदे तसलेच."

चाँद सहज बोलून गेला होता, पण उत्तरेश्वर जागच्या जागी थांबला. सबंध गिरणीने एकमताने पाणी निर्मळ ठरवले होते. चाळीस माणसांची संस्था, तिचे संचालक मंडळ, तिचा केमिस्ट, आणि त्यांच्यात मिळून एकही नाक नाही. काल तो तीनदा टाकीत डोकावला होता ते कशासाठी, हे आठवून त्याला हसू आले. आंधळ्याने तीनदा दिवा लावून पाहावा तसे ते होते.

गिरणीच्या फाटकाबाहेर रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते. बायका ओळीने बसून खडी फोडत होत्या. उत्तरेश्वर पेला घेऊन त्यांच्याकडे गेला तेव्हा मुकादम म्हाळू लगबगीने उठला; साहेब पाणी घेऊन स्वतः आले याचा अर्थ त्याला लागेना. उत्तरेश्वरने सगळ्यांत टोकाला बसलेल्या म्हातारीसमोर पेला धरला. तिने हातोडी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, पेला घेतला आणि तोंडाशी नेण्याआधीच थांबली. तिच्या नाकपुड्या हलल्या. मग तिने तो सावकाश पिऊन टाकला, शेवटचा घोट तोंडात धरला, आणि गिळून म्हणाली, "करडीचं हाय. जुनं हाय. आमच्या घरात पोळ्यापासून गोडं तेल न्हाई, म्हनून कळलं."

तिचे नाव बायनाबाई होते. म्हाळूने तिला दुपारपर्यंत सोडले, आणि ती पुढे व उत्तरेश्वर मागे असे दोघे आवारात आले. चाँदने त्या दोघांकडे पाहिले, मग टँकरकडे, आणि ह्या नव्या इनिस्पेक्टरबाई कोण म्हणून विचारले. बायनाबाई चाकावर पाय देऊन, लुगड्याचा काचा खोचून, कुणाचा हात न धरता टाकीवर चढली आणि तोंडातून वाकली. तिचा आवाज आतून घुमून आला. वास खालून येत नव्हता, वरून येत होता. चाँदने वर चढून तोंडातून हात घातला, टाकीच्या छताला बोट लावले, आणि बाहेर काढून ते बोट उत्तरेश्वरला दाखवले. ते चिकट होते. उन्हात धरल्यावर त्यावर पिवळी, लाखेसारखी पापुद्री दिसली. करडईचे तेल हवेवर उघडे राहिले की सुकते आणि सुकले की रोगणासारखे धरून बसते, हे उत्तरेश्वरने परीक्षेत लिहिले होते. पण तेल म्हटले की त्याचे डोळे खाली जात. जन्मभर तो खाली सांडलेल्या थेंबांकडे पाहत आला होता. टँकर खाचखळग्यांतून वर्षानुवर्षे हिंदकळला, तेल छताला उडाले, छताला वाळले, आणि उन्हाने लोखंड तापले की घामासारखे सुटून पाण्यात उतरू लागले, हे त्याच्या मनातच आले नव्हते.

टाकीतले पाणी पिंपांत काढून घेतले. मग काम सुरू झाले, आणि त्या कामात उत्तरेश्वर काही काळ सगळे विसरला. आधी कोरडी राख आणि गव्हाचा कोंडा, नुसता दाबून धरायचा, घासायचा नाही. मग एका घमेल्यात पाणी उकळवून त्यात धुण्याचा सोडा, आणि त्यात बुडवलेला काथ्या. चाँद आत उताणा झोपून छत खरवडत होता, शिव्या देत होता, मध्येच गात होता. सोड्याखाली ती पिवळी पापुद्री मऊ पडून साबणासारखी सुटत होती. ज्या तेलाला पाणी हात लावू शकत नाही ते सोड्याच्या हाताने पाण्यातच जाते, हे त्याने शेकडो वेळा पाहिले होते तरी आज पुन्हा नवे वाटत होते. मग रिठ्याचे पाणी, मग साधे पाणी. प्रत्येक धुण्यानंतर नळीतून खाली आलेले पाणी बायनाबाई ओंजळीत घेई आणि हुंगे. हाय, म्हणे. अजून हाय. ओंजळीतले पाणी ती खाली सोडत नसे. शेजारच्या बादलीत टाकी, आणि बादली भरली की ती कुठे नेतात ते पाहत राही. सोड्याचे पाणी गटारात गेले तेव्हा तिची मान त्याच्यामागे वळत वळत गटारापर्यंत गेली.

आठवी घागर ओतून झाली. उन्हे डोक्यावर आली होती. बायनाबाईने ओंजळ नाकाशी नेली, जरा जास्तच वेळ धरली, आणि म्हणाली, "गेला. आता न्हाई येत."

चाँदने आतूनच हुश्श केले. उत्तरेश्वर तिच्याकडे पाहत राहिला. तिने हे सांगताना वर पाहिले नव्हते. त्याने विचारले, गाव कोणते तुमचे. तिने जरा थांबून चौसाळ्याकडे हात केला आणि त्याच वाडीचे नाव घेतले. सून आणि नातवंडे तिथेच होती, हीच तेवढी कामावर आली होती. आता त्याच्यासमोर मोठे विचित्र कोडे उभे राहिले. ज्या एकाच नाकावर त्याचा भरवसा होता त्या नाकाला घाई होती. ते खरे बोलते की नाही हे तपासायला त्याच्याजवळ दुसरे नाक नव्हते. तो कार्यालयात गेला, गणपतीच्या तसबिरीपुढल्या डबीतून कापराच्या दोन वड्या घेतल्या, नळीतून येणारे शेवटच्या धुण्याचे पाणी एका स्वच्छ काचपात्रात धरले आणि कापराचे चार बारीक तुकडे वर सोडले.

पाण्यावर तेल नसेल तर कापूर नाचतो. गरागरा फिरतो, धावतो, जणू कुणी मागे लागले आहे. पाण्यावर तेलाची डोळ्यांना न दिसणारी साय असली तरी तो जागच्या जागी बसतो. हे औरंगाबादला प्राध्यापकांनी दाखवले तेव्हा सगळा वर्ग चकित झाला होता, एक उत्तरेश्वर सोडून. त्याने ते आठव्या वर्षीच पाहिले होते. शाळासोबती राधाकिशनच्या घरी आरती झाल्यावर मुलांनी वाटीतल्या पाण्यात कापराचे तुकडे सोडले होते. ते वेड्यासारखे फिरत होते, आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने एकाला बोट लावले. सगळेच्या सगळे थांबले. त्याने बोट काढले तरी ते हलेनात. राधाकिशनच्या आईने काही म्हटले नाही. तिने वाटी उचलली, पाणी मोरीत ओतले आणि वाटी राखेने घासायला घेतली. पुढे कितीतरी वर्षे तो मनाशी मांडत राहिला की ते तुकडे त्याला भ्याले होते. प्राध्यापकांनी त्याला कारण दिले, आणि कारण मिळाल्यावर दुःख कमी झाले असे त्याने गृहीत धरले.

काचपात्रातले चारही तुकडे पाण्यावर पांढरे, गप्प बसून होते.

तो बाहेर येऊन टँकरच्या सावलीत बायनाबाईशेजारी खाली बसला. तिला रागे भरायचे त्याच्या मनात नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. वास येत असताना नाही कावून म्हणालात, असे त्याने विचारले, आणि 'का'च्या जागी गावाकडचा 'कावून' हा शब्द आपल्या तोंडून कितीतरी वर्षांनी बाहेर पडला हे त्याच्या लक्षात आले.

"हाय की वास," ती म्हणाली. लपवाछपवी संपल्याचे तिला बरेच वाटलेले दिसले. "लई थोडा हाय. कापडाच्या घडीत ऱ्हातो तेवढा. पन धुन्यात आठ घागरी गेल्या बाबा. आमच्या वाडीतली आठ घरं हायेत ती. वासानं कुनी मरत न्हाई."

"मग रॉकेलच्या टँकरचं पाणी ओतून कावून दिलं?"

"रॉकेलच तोंडात धरवंना, ते एक. दुसरं म्हंजी तो डायवर म्हनाला, लई साफ हाय, हापिसानं लिहून दिलंय. नाकाला कळायलंय अन् कागद न्हाई म्हनायलाय. ज्यानं वासाचं खोटं सांगितलं त्यानं अजून कशाचं खोटं सांगितलं आसंल, ते काय ठावं? म्हनून ओतलं."

उत्तरेश्वरने खिशातून दाखला काढला. 'पाणी निर्मळ, निर्गंध व पिण्यायोग्य आहे,' असे त्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले होते. त्यातला एक शब्द त्याने खोडला. मग तेवढ्याने भागेना म्हणून नवा कागद घेतला आणि लिहिले की पाण्यास करडईच्या तेलाचा किंचित वास आहे, तो पूर्ण गेलेला नाही, त्यापासून प्रकृतीस अपाय नाही. सही करताना त्याचा हात थांबला. करडईचा वास हे शब्द त्याने आयुष्यात कधी कागदावर लिहिले नव्हते. गिरणीच्या असंख्य अहवालांत त्याने आम्लता लिहिली होती, रंग लिहिला होता, आर्द्रता लिहिली होती; वासाच्या रकान्यात तो 'साधारण' असे लिहीत आला होता.

तेवढ्यात अर्जुनराव जीपमधून उतरले. मोठा, उमदा माणूस. टँकर वेळेत निघाला पाहिजे यासाठी त्यांनी सकाळपासून तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. वास-बीस कशाला लिहिता, त्यांनी समजुतीच्या सुरात विचारले. तहसीलवाले शब्दाला शब्द लावतात, परत पाठवतील, आणि एकदा परत आला की सबंध जिल्ह्यात गिरणीचे नाव खराब होईल. निर्मळ लिहा आणि मोकळे व्हा. ते टाकीजवळ गेले, नळीचे पाणी हातात धरून स्वतः हुंगले, आणि मोठ्या विश्वासाने म्हणाले की कसलाही वास येत नाही. उत्तरेश्वर म्हणाला, "तुम्हाला येणार नाही साहेब. मलाही येत नाही. ज्यांना येतो त्यांनी प्यायचंय." अर्जुनरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. या माणसाने अकरा वर्षांत कधी उलट शब्द काढला नव्हता. त्यांनी एकवार टँकरच्या सावलीत बसलेल्या खडी फोडणाऱ्या बाईकडेही पाहिले. शेवटी कागद परत देत ते म्हणाले की वाडीने पाणी ओतले तर हा टँकर मी तुमच्याच दारात आणून उभा करीन, आणि दुसरा कोणताही टँकर त्या वाडीला मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवा. दुसरे खरे होते. पहिले ऐकून चाँद हसला, पण जीप गेल्यावर.

पाणी पुन्हा टाकीत भरले गेले. उत्तरेश्वर, चाँद आणि बायनाबाई पुढे बसले. टँकर रस्त्याला लागला. दोन्ही अंगांना काळी राने भेगाळून पडली होती, चौसाळ्याच्या बाजारात दुकानांपुढे ताडपत्र्या लोंबत होत्या. उत्तरेश्वरला एक गोष्ट राहून राहून नवलाची वाटत होती. आपल्याला वास येतो, हे त्याला लहानपणापासून लोकांनी कितीतरी तऱ्हांनी सांगितले होते. बाक सोडून, खिडकी उघडून, वाटी घासून, हसून. तो कसा आहे हे मात्र कुणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही कुणाला विचारले नव्हते. वास घालवण्याचे तेरा उपाय त्याला पाठ होते. ज्याला घालवायचे ते काय आहे, याची त्याला काही कल्पना नव्हती.

वाडीत टँकर शिरला तेव्हा हंडे-घागरींची ओळ आधीच लागलेली होती. बायका उठल्या नाहीत. त्यांनी टँकरवरची गिरणीची पाटी पाहिली आणि एकीने दुसरीकडे पाहिले. चाँद नळी सोडू लागला तेव्हा उत्तरेश्वरने त्याला थांबवले. तो पायरीवर उभा राहिला आणि खिशातला कागद काढला, मग वाचायचा सोडून तसाच हातात ठेवला.

"हा तेलाचा टँकर हाय," तो म्हणाला. "धुतलाय, पण करडीचा वास गेला न्हाई. थोडा हाय. सोड्याचं पाणी काढून टाकलंय, प्यायला काही भीती न्हाई. मी पाटोद्याच्या तेल्याच्या घरचा. मला हा वास येत न्हाई, म्हणून मी सांगून उपयोग न्हाई. ह्या बायनाबाईंनी तपासलंय. तुम्ही घेऊन बघा, नको वाटलं तर तसं सांगा."

इतक्या बायकांसमोर आपण आपल्या घराचे नाव असे उघड घेतले आणि काहीच घडले नाही, हे उत्तरेश्वरला जाणवत होते. मग ओळीत सगळ्यांत पुढे असलेली, कडेवर मूल घेतलेली एक बाई उठली. बायनाबाईची ती सून होती. तिने नळीखाली हात धरला, हुंगले, तोंडात पाणी घेतले. उत्तरेश्वर तिच्या गालाकडे पाहत होता. तो गाल फुगलेला होता, थांबलेला होता. तिने गिळले.

"हाय की वास," ती सासूला म्हणाली, "थोडा म्हनं. आत्यां, तुमचं नाक म्हातारं झालं."

"तुजं तरनं हाय ना, मग भर मुकाट," बायनाबाई म्हणाली, आणि ओळीत कुठेतरी हसू फुटले. फोडणीचे काम वाचले, असे कुणीतरी म्हणाले. घागर नळीखाली लागली.

पाण्याचा आवाज सुरू झाला, रिकाम्या तांब्यापितळेतला आधी मोठा आणि मग भरत जाणारा. चाँद नळी धरून होता. उत्तरेश्वरने त्याच्या हातून ती घेतली, कारण त्याला हाताला काहीतरी काम हवे होते, आणि प्रत्येक घागर भरताना त्याने विचारायला सुरुवात केली. कसा येतो वास? कडू, की गोड? एकीने सांगितले, काकडीच्या बियांसारखा. एकीला वास येतच नव्हता, तोंडाला नुसते ओशट लागत होते. एक म्हणाली, उन्हात घातलेल्या गोधडीवानी, आणि तिच्या मागची म्हणाली, छट्, गोधडी कुठली. बायका आता त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहू लागल्या होत्या. एवढा शिकलेला माणूस आणि असले काय विचारतो. तरी तो विचारत राहिला. त्यांची उत्तरे एकमेकींशी जुळत नव्हती, आणि न जुळणाऱ्या त्या उत्तरांतून काहीतरी हळूहळू आकाराला येत होते. ते त्याने लहानपणापासून अंगावर वागवले होते आणि पाहिले मात्र कधी नव्हते.

सगळ्यांत शेवटी बायनाबाईने आपली घागर लावली. घागर अर्धी भरेपर्यंत ती पाण्याकडे पाहत होती.

"दिस बुडायच्या टायमाला," ती म्हणाली, "आपन रानातून यायलेलो आसतो. अजून लई चालायचं आसतं. अन् वाटंवरच्या कुनाच्या तरी घरी तवा ठिवलेला आसतो. तवा येतो तसा."

"म्हणजे चांगला असतो?" त्याने विचारले.

घागर काठोकाठ भरली होती. त्याने नळी दाबून धरली. बायनाबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर उचलायला त्याने हात लावला तो लावू दिला, आणि मान स्थिर करून म्हणाली, "घर कुनाचं हाय त्याच्यावर."

ती निघाली. पाण्याचा एक थेंबही न सांडता ती उतारावरून खाली गेली, आणि उत्तरेश्वर नळी दाबून धरून तिथेच उभा राहिला, आपल्या घरी आता तवा ठेवला असेल का याचा विचार करीत.